आधी टोपी

मूकपटांतल्या विनोदवीरांवरच्या माहितीपटाची डीव्हीडी मी आज दुपारी पुन्हा लावली. "आई, आता कोण डीव्हीडी बघतं? टाकून देऊ या ते डबडं," सूनबाई म्हणाली. मी ऐकलंच नाही. महिन्यापूर्वी मी मंडईत घसरून पडले, तेव्हापासून माझं सगळं दुसरेच ठरवतात. एकटीनं बाहेर जायचं नाही, हेसुद्धा.

पडद्यावर एक काटकुळा नट ओल्या फरशीवरून घसरतो. माहितीपटवाल्यांनी त्याचं पडणं तीन वेळा, अगदी सावकाश दाखवलंय. मागून एक जाणकार आवाज सांगतो की सगळी गंमत त्या पडण्यात आहे. मला हे मुळीच पटत नाही. पडायला काय, कुणीही पडतं! मी रिमोटनं चित्र थांबवलं. नट अजून आडवाच आहे, पण त्याचा हात टोपीकडे गेलाय. उठायचं नंतर, आधी टोपी. ती डोक्यावर बसली की तो पडलेला माणूस राहतच नाही.

मंडईत चार माणसं धावत आली, तेव्हा मीही बसल्या बसल्या आधी सांडलेली लिंबं पिशवीत भरली होती. लोक हसले. हसू देत.

डीव्हीडी जपून डबीत ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"मंडईत."

"एकट्या? आणि पुन्हा पडलात तर?"

"तर आधी लिंबं गोळा करीन," मी म्हटलं, "आणि मग उठेन."