पुन्हा मिठापासून

माझा थोरला भाऊ अफू सोडण्यासाठी बेंबळीजवळच्या एका मठात राहिला, तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळायची. मठाच्या फाटकाला कुलूप नव्हतं. राहणाऱ्यानं पाणी शेंदायचं, दळायचं आणि दुपारच्या पंगतीत वाढायचं, एवढाच उपचार. वाढण्याला मात्र क्रम होता. नवा माणूस मीठ वाढे. हात स्थिरावला की भाकरी, मग भाजी, शेवटी पातळ कढी. कढी न सांडता पंगत उठली की मठाचे स्वामी घरी जाऊ देत. त्यांना सगळे अप्पा म्हणत.

पहिल्या आठवड्यात भावाचा हात इतका कापे, की मीठ पत्रावळीबाहेर पडे.

"मालक, वाढताय का पेरताय?" पंगतीतला एक म्हातारा विचारी. "उगवलं तर आमाला बी द्या."

भाऊ पुढच्या पत्रावळीकडे सरके.

दीड महिन्यानं तो भाजीवर आला. दुसऱ्या दिवशी कढी वाढायची, असं ठरलं. ते ठरलं त्याच दिवशी मी आमच्या येरमाळ्याहून आईनं बांधून दिलेली शिदोरी घेऊन पोचलो. शेंगदाण्याच्या चटणीत अफूची गोळी निघाली. पोरानं लई सोसलं, एका गोळीनं जरा आराम पडेल, असं आईला वाटलं होतं. मला याचा पत्ता नव्हता.

"फेकून दे, दादा," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

"मला कळलं की. वास आला अन् तोंडाला पाणी सुटलं."

गोळी घेऊन तो अप्पांकडे गेला. मी मागोमाग.

"खाल्ली न्हाय ना?" अप्पांनी विचारलं. "मग उद्या कढी वाढा."

"न्हाय अप्पा. हात थांबलाय, मन थांबलं न्हाय. मला मीठच द्या."

अप्पांनी मिठाचं भांडं त्याच्यासमोर ठेवलं. आणखी दीड महिना तो मठात राहिला.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला तिनं चटणी माझ्यासमोर कुटली आणि माझ्याच हातानं बांधायला लावली.

बाजारात लोक विचारत, भाऊ कुठं असतो? आधी मी 'सोलापूरला कामाला गेलाय' असं सांगत असे. आता सरळ सांगू लागलो, "मठात हाय. मीठ वाढतो." कुणी हसलं, तरी आवाज खाली आणला नाही.