काळ्या मानेचं कणीस

पुण्याहून निघताना आईने विचारलं, "कशाला चाललीस?" म्हटलं, रोग गोळा करायला. "लोक देवदर्शनाला जातात," असं म्हणत तिने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. माझं काम खरंच तेवढंच आहे. नाचणीवर करपा पडतो, कणसाची मान काळी पडते आणि दाणा पोचट राहतो. हे सगळं एका बुरशीमुळे होतं आणि तिची घराणी डोंगरागणिक वेगळी असतात. कुठल्या उतारावर कोणतं घराणं नांदतंय हे कळलं, तर तिथे टिकणारं वाण शोधता येतं. म्हणून मला रोगट कणसं हवी असतात.

चौक गावाशी जुन्या हायवेवर उतरले. गॅरेजशेजारच्या टपरीत मिसळ खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि टपरीवाला विचारतोय, "तर्री देऊ अजून?" पुढे टेंपोने डोंगरपायथ्याचं गाव गाठलं. "उन्हं उतरली की मागं फिरनार. हॉर्न मारीन, पन थांबनार नाय," ड्रायव्हरने बजावलं.

खाली खाचरांत (भाताच्या बांधबंदिस्त तुकड्यांत) झोडणी चालू होती. मी वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) चढले. तिकडून माथेरानचा डोंगर धुरकट निळा दिसत होता. पहिलंच शेत गंगारामदादांचं. करपा असा की पाहवत नव्हतं. मी कणसं कापून पाकिटात भरत असताना ते हळूच म्हणाले, "ताई, आमचं नाव नका सांगू हां कुनाला." मी शब्द दिला. पुढच्या शेतांतही तेच झालं. दुपारपर्यंत पिशवी गच्च भरली.

शेवटचं शेत हिरामावशींचं. विधवा बाई, एकटीनं वरकस करणारी. गाव नाचणीचं बी त्यांच्याकडून नेतं, ही पूर्वापार रीत. कापणीआधी माणसं टोपल्या घेऊन येतात आणि उभ्या पिकातली आपल्याला आवडतील ती कणसं स्वतः खुडतात. त्या दिवशीही आली होती, गंगारामदादासुद्धा. मावशी मिरवत होत्या, आणि का मिरवू नये? मला बांधावर बसवून त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. "खा गं बाय, घरचीच हाय."

त्या शेतात करपा सापडेना. ओळीन् ओळ पाहिली, बांधावरून घसरून गुडघा फोडून घेतला, तरी नाही. एवढ्या दणकट पिकावर रोग मिळालाच, तर ती बुरशी वेगळ्याच घराण्याची असणार, हे मला ठाऊक होतं. हावरट झाले होते मी. आणि अगदी कडेला एक मान काळी दिसली.

"सापडला!" मी किंचाळलेच. "मावशी, करपा सापडला! अहाहा, काय सुंदर काळी पडलीय!"

सगळ्यांचे खुडणारे हात थांबले. गंगारामदादांनी खुडलेली कणसं टोपलीतून बांधावर ओतली. "यंदाचं बियानं बाजारातूनच आनू म्हंतो."

"एकच तर हाय रं," मावशी म्हणाल्या.

"एक दिसलं. न दिसलेली किती असतील?"

हे कोण म्हणत होतं, तर ज्याच्या शेतातला करपा माझ्या पिशवीत होता तो माणूस! त्यांचं नाव न घेताही मला बोलता आलं असतं: आज पाहिलेल्यांत सगळ्यात निरोगी शेत हेच. एवढंच वाक्य. पण मी गुडघ्यावर बसून त्या कणसाचे फोटो काढत होते. बाकीच्यांनीही टोपल्या रिकाम्या केल्या. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. मावशींनी स्वतःच ते कणीस कापून माझ्या हातात ठेवलं. "झालं ना तुमचं काम?"

"झालं!" मी म्हणाले, तेही हसून. जनाची नाही तर मनाची तरी असावी की नाही?

टेंपोत बसल्यावर डोकं ताळ्यावर आलं. थांबवा म्हणायचं धाडस झालं नाही. उद्या फोन करू म्हटलं, आणि तो उद्या लांबतच गेला. प्रयोगशाळेत मावशींच्या कणसातली बुरशी बाकी कुठल्याच नमुन्याशी जुळली नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, पेढे वाटले. माझा पेढा टेबलावर तसाच ठेवला आणि तेव्हा कुठे फोन लावला.

"बियाचं काय झालं, मावशी?"

"कोन नेनार? घरापुरतं ठेवलं, बाकीचं दळलं. भाकरी खायला या."

"मावशी, तुमचं शेत सगळ्यात चांगलं होतं. खरंच सांगते."

"मला ठाव हाय गं बाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ते समोर उभे व्हते, तवा सांगायचं व्हतं."