घोडी मागे घ्या

लग्नाला आठवडा उरला होता आणि आमच्या घोडीचा मागचा पाय अडकायला लागला. उभ्या उभ्या पाय काठीसारखा ताठ व्हायचा, मागे ताणला जायचा, नि मग खटकन सुटायचा. सगळ्यांनी मिळून ठरवलं, आराम द्या. दोन दिवस तबेल्यात बांधून ठेवली, तर जास्तच बिघडली. डहाणूहून आलेले जनावरांचे डॉक्टर माझ्यावरच तापले. "बांधून काय ठेवता हिला? मांडीखालच्या सांध्याची वाटी वर अडकते. रोज चालवा, चढावर न्या. आणि अडकली की पुढे ओढू नका, शिरा तुटतील. दोन पावलं मागे घ्या, आपोआप सुटेल."

मी रोज तिला आशागडच्या चढावर चालवायला लागले. जीव नुसता टांगणीला लागलेला. झोपेतही मला ते खटकन ऐकू यायचं. घोडी मी वाढवलेली, आणि धाकट्या भावाला लग्नात तीच हवी होती. दुसरी आणू म्हटलं तर म्हणाला, "मग मी रिक्षाने जातो."

लग्नाच्या दिवशी वरात आमच्या सरावलीतून निघाली. लगाम माझ्या हातात. मंडपाच्या दारासमोरच्या वळणावर बँड जोरात वाजला, घोडी थबकली, आणि पाय अडकला.

"मागे सरा, घोडी मागे घ्यायचीय!" मी ओरडले.

आत्या पुढे धावत आली. "वेडी झालीस का? नवरदेव मंडपाच्या दारातून मागे जातो का कधी? अभद्र!"

तोवर शेजारचे गुजराती काका "खेंचो, खेंचो!" करत लगामाला हात घालत होते. मी त्यांचा हात झटकला. सगळे एकदम बोलायला लागले. घोडी थरथरत होती, घामाने ओली. मला रडू फुटलं. तिला ओढलं असतं तर मी कुणालाच माफ केलं नसतं, स्वतःला तर नाहीच.

वरून मुंडावळ्यांतून भाऊ म्हणाला, "ताई, घे मागे."

"अरे, आत्या..."

"आत्याशी मी बोलतो. तू घे."

मी तिच्या छातीला हात लावून हलकेच रेटलं. एक पाऊल. दुसरं. खट! पाय सुटला. आत्या पदराने डोळे पुसत होती. मंडपाकडची माणसं पाहतच होती.

त्यानंतर घरात काहीही बिनसलं, दूध उतू जाण्यापासून ते भाऊ-वहिनीच्या भांडणापर्यंत, की आत्या ठणकावते, "नवरदेव मागे गेला होता ना!"

एकदा वहिनीने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली आणि म्हणाली, "आत्या, मी मंडपाच्या दारात उभी राहून सगळं बघत होते. ह्यांनी ती घोडी ओढू दिली असती ना, तर मी माळच घातली नसती."