मावशींच्या चाकूवरची पितळी वेल

कँटीनच्या मावशींना सोमवारी पहिल्या शिफ्टला कंपनीने कामावरून काढून गेटवरूनच घरी पाठवलं. त्यांना परत घ्या म्हणून मी चाकणभर पत्रकं वाटली. लोकांनी त्यांवर वडापाव खाल्ला.

आमच्या टूलरूममधला फिटर मात्र एक ओळ लिहीत नाही. गेटसमोरच्या टपरीवर बसून घडीच्या चाकूच्या तयार पात्याला शिसवी मूठ बसवतो, तीत पितळी तार ठोकून वेल काढतो, दर ठोक्याला फुंकर मारतो. त्याच्याभोवती ही गर्दी!

"कोणासाठी, राव?" गर्दीतल्या एकाने विचारलं.

"मावशींसाठी. कांदा चिरायला. कामावर आल्या की देणार."

एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी अख्खी लाइन सुपरवायझरला विचारत होती, "मावशी कधी येणार?"

माझा जळफळाट झाला, अजून होतोय.

माझं पत्रक नका वाचू. पण उद्या मावशींना आत घेईपर्यंत तुम्हीही गेटबाहेर थांबा.