पाठ न फिरवता

कुठेही गेले तरी माझा जीव पुढच्या ठिकाणी अडकलेला असतो. खुलताबादच्या जुन्या दर्ग्यात उभी होते, पण डोक्यात दौलताबाद चालू होतं. कमानी बघितल्या, दगडी जाळीचे, घुमटाचे भराभर फोटो काढले आणि चपलांकडे वळले. नवरा बाहेरून हाका मारतच होता, "अगं आटप, किल्ला बंद होईल!"

तेवढ्यात कबरीच्या दारापासून एक म्हातारी बाई निघाली, तीही उलटी चालत. कबरीकडे पाठ करायची नाही, ही तिथली रीत. डोक्यावरचा पदर सावरत ती एकेक पाऊल मागे टाकत होती आणि सून मागून तिच्या पाठीला हात लावून होती. "अम्मी, पायरी है, संभालके," सून म्हणाली. अम्मीने खाली पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर दारावरच होती.

मी उगाचच चुळबुळायला लागले. मी कुठूनही निघते ती आधी मनाने आणि मग पायांनी. माहेराहून निघतानाही आई फाटकात उभी असते आणि मी रिक्षात बसून फोनवर गाडीची वेळ बघत असते.

चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडताना तोंड आत वळवलं. दोन पावलं मागे गेले, आणखी दोन. मघाशी एकाही फोटोत न मावलेला घुमट हळूहळू अख्खा डोळ्यांत मावला.

"अगं, काय करतेयस? पडशील!" नवरा ओरडला.

"मग ये ना," मी म्हटलं, "मागून धर मला."