सीमेपलीकडचं पेट्रोल

कर्नाटकातलं पेट्रोल आमच्या गाडीला अजिबात बाधलं नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीचं जे काही झालं ते त्या पेट्रोलमुळं नाही, ते टाकीत नसल्यामुळं झालं.

उमरग्यात राहणाऱ्या माणसाला थोडीफार कानडी आणि पेट्रोल कुठं भरायचं, या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. तलमोड ओलांडलं की महाराष्ट्र संपतो, आणि पलीकडं लगेच पंप लागतो. तिथं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. रविवारी आमच्याकडची माणसं देवदर्शनाला निघाल्यासारखी सहकुटुंब टाकी भरायला निघतात. (काही जण जाताना डबाही घेतात. मी घेत नाही. पण नेलेला कुणी उघडला तर नाही म्हणत नाही.)

माझी बायको सुनंदा मात्र या स्वस्ताईवर पहिल्यापासून डूख धरून आहे.

"स्वस्त देतेत म्हंजे त्यात कायतरी कमी आसंलच की. उद्या इंजिन बसलं म्हंजे?"

"अगं, पेट्रोल तेच. तिकडं कर कमी हाय, म्हणून स्वस्त."

"न्हाय तर तो पंपवाला तुमचा कोण लागतो फुकट पुण्य करायला?"

मी गणिताचा मास्तर. असल्या बोलण्यानं डगमगत नाही. उलट मी त्यात स्वतःचा एक सिद्धांत मांडलेला होता. स्वस्त पेट्रोलचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर तिथं पोचताना टाकी रिकामी पाहिजे. टाकीत जितकं महाग पेट्रोल शिल्लक, तितकं स्वस्त पेट्रोल कमी मावणार. त्यामुळं काट्यानं तळ गाठून लाल दिवा लागला की इतर माणसं जवळचा पंप शोधायला लागतात, आणि मला मात्र गणित बरोबर सुटल्याचं समाधान मिळतं.

सास्तूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या मुलीचं लग्न होतं. या भाचीचा, श्रुतीचा, मी एकुलता एक मामा. आमच्याकडं अक्षतेला नवरी मामानं आणलेली पिवळी साडी नेसते, आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा वेळेवर आला नाही तर भावकीतल्या कुणालातरी पुढं ढकलून उभं करतात, आणि ते मामाला मरेपर्यंत ऐकावं लागतं. साडी आठवडाभर आधीच पोचायची, पण ब्लाउज शिंप्याकडं अडकलं आणि लग्नाच्या दिवशी सकाळी हातात पडलं. शोभानं फोनवर बजावलं होतं, "अण्णा, तू फकस्त साडी घिऊन येळेवर ये. दुसरं कायबी करू नको." (माझ्याबद्दल आमच्या सगळ्या खानदानाचं मत हे असंच आहे.)

गाडी सुरू केली. लाल दिवा लागला. मी खूश झालो आणि गाडी हमरस्त्याला घेतली.

"सास्तूर तिकडं हाय," सुनंदा म्हणाली.

"ठाऊक हाय मला. आधी टाकी भरून घिऊ. लग्नघरची गाडी हाय, दिवसभर कुणाकुणाला सोडावं लागंल."

"मग हितंच भरा की. पंप समोरच हाय."

"लग्नाच्या दिवशी महाग पेट्रोल?" तिनं मांडवात रॉकेल ओतायला सांगितल्यासारखं मी तिच्याकडं बघितलं.

"थोडं तरी टाका."

"थोडं टाकलं की तेवढंच तिकडं कमी मावणार."

तिनं साडीची पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. आमच्या संसारात हा शेवटचा इशारा असतो. मी तो नेहमीप्रमाणं होकार समजलो.

तुरोरी गेली. तलमोडही गेलं. आता पोचलोच, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीला उचकी लागली. मग दुसरी लागली. तिसरीला ती रस्त्याच्या कडेला शांत झाली.

"काळजी करू नको," मी म्हणालो. "पंपाचं छत हितनं दिसतंय."

"मग हितनंच हाक मारा त्यास्नी."

मी उतरलो. सुनंदाला स्टेअरिंग धरून बसवलं आणि मागून ढकलायला लागलो. रस्ता तसा सपाटच, पण गाडी ढकलताना सपाट रस्त्यालासुद्धा चढ असतो, हे मला त्या दिवशी समजलं. एवढ्यात पलीकडून एक ओळखीचा मोटारसायकलवाला आला. मागं कॅन बांधलेला.

"काय मास्तर, संपलं व्हय? देऊ का जरासं? आत्ताच भरून आणलंय."

माझा जीव भांड्यात पडला. पण मास्तरकी आड आली. "कॅन स्वच्छ हाय ना? आधी काय होतं यात?"

"लई काय न्हाय. गोडं तेल होतं."

"मग नको बाबा," मी म्हणालो. "गाडीचं इंजिन बसंल."

गाडीच्या आतून सुनंदाचं हसणं ऐकू आलं. तो निघून गेला आणि माझा फोन वाजला. शोभा.

"अण्णा, कुठंयस? पोरीला साडी नेसवायचीय. साडी कुठंय?"

"माझ्या पुढंच हाय." (मी मागून ढकलत होतो, साडी पुढच्या सीटवर होती. यात एक अक्षर खोटं नाही.)

"आन् गाडीचा आवाज कसा येत न्हाय?"

"चांगल्या गाडीला आवाज नसतो, शोभा."

तिला पटलं की नाही ते कळायच्या आत मी फोन ठेवला. एका खांद्यानं रेटत, मान खाली घालून, घामानं निथळत मी सीमा ओलांडली आणि पंपाच्या रांगेला गाडी लावून मान वर केली. रांगेत आमच्या पुढं फुलांनी सजवलेली एक जीप उभी होती. तिच्याजवळ लाल फेटा बांधलेले मल्लिनाथअप्पा उभे. मल्लिनाथअप्पा म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. वऱ्हाड बसवकल्याणहून निघालेलं. आणि महाराष्ट्रात शिरण्याआधी इथं टाकी भरत नाही असा माणूस त्या रस्त्याला जन्मलेला नाही.

"अरे, मास्तर!" अप्पा म्हणाले. "तुम्ही हिकडं कसं?"

सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघायला लागलं. जीपमध्ये बसलेल्या नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. नवरीची साडी आणि नवरीचा मामा दोघंही भलत्याच राज्यात, अशा वेळी शहाण्या माणसानं खरं सांगून टाकलं असतं.

"तुम्हालाच घ्यायला आलो, अप्पा," मी म्हणालो. हे वाक्य कुठून आलं, देवाला ठाऊक. "सीमेवर यिऊन पाव्हण्यांस्नी सामोरं जायाचं. आमच्यात रीतच हाय तशी."

"आन् गाडी ढकलत?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. "व्याह्यांच्या पुढ्यात गाडीत बसून येणं बरं दिसत न्हाय, अप्पा. शेवटचा टप्पा ढकलतच आणायची."

अप्पांचे डोळे भरून आले. ते वऱ्हाडाकडं वळून म्हणाले, "नोड्री! मर्यादी अंद्र हिंग इरबेकु." म्हणजे, बघा, मान ठेवावा तर असा. मग त्यांनी मला छातीशी धरलं. माझ्या घामानं त्यांचा रेशमी सदरा ओला झाला, त्याचंही त्यांना कौतुकच वाटलं. सुनंदा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसली होती. तिचे खांदे हलत होते. "बाई लई हळव्या हायत," असं वऱ्हाडातल्या एका बाईनं हळूच म्हटलंही.

अप्पांच्या शब्दावर रांग बाजूला झाली. माझी टाकी काठोकाठ भरली गेली. तोवर अप्पांनी शोभाला फोन लावलासुद्धा. "बाई, काय सांगू! तुमचे बंधू आम्हाला घ्यायला थेट सीमेवर आलेत. संगं साडी बी हाय."

पलीकडून शोभा फक्त "बरं" म्हणाली. मी बहिणीला लहानपणापासून ओळखतो. ती एका शब्दावर आली की मी लांब उभा राहतो.

गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली. जुनी गाडी, टाकीच्या तळाला साचलेला गाळ शेवटच्या थेंबांबरोबर पाइपात जाऊन बसला होता.

"तरी म्या सांगत हुते," सुनंदा म्हणाली. "स्वस्त पेट्रोल."

"अगं, ते आजून इंजिनापत्तुर पोचलंच न्हाय!"

अप्पांनी कासरा मागवला. आपला मान ठेवणाऱ्या माणसाला रस्त्यात सोडून जाणार नाही, असं म्हणत त्यांनी माझी गाडी नवरदेवाच्या जीपला मागून बांधायला लावली. सुनंदा साडी घेऊन जीपमध्ये बायकांत जाऊन बसली. अशी आमची वरात उमरग्यातून गेली. पुढं फुलांची जीप, मागं कासऱ्याला बांधलेली गाडी आणि तीत एकटा मी. चौकात माझे विद्यार्थी उभे होते. त्यांनी नमस्कार केला. सकाळी ज्या पंपाला मी नाक मुरडलं होतं, तिथला माणूस हात हलवून हसला. टाकी भरलेली गाडी दुसऱ्याच्या पेट्रोलवर चालवणारा तालुक्यातला मी पहिलाच असेन. मनात धाकधूक होती ती वेळेची. पण नवरदेव कासऱ्याच्या पुढच्या टोकाला असताना अक्षता पडूच शकत नाहीत, एवढाच काय तो आधार होता.

सास्तूरला मांडवाच्या तोंडाशी शोभा ओवाळायला ताट घेऊन उभी. आधी जीप आली, मग कासरा आला, मग तिचा भाऊ आला. तिनं एका हातानं ताट सावरलं, दुसऱ्या हातानं सुनंदाकडून साडी ओढून घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरगी सासरी जाऊ दे. मग तुज्याकडं बघते."

अक्षतेला थोडा उशीर झाला, पण उशीर वरपक्षानंच केलेला, त्यामुळं कुणी ब्र काढला नाही. भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीचे मामा मुलीला घेऊन या." मी श्रुतीच्या मागं जाऊन उभा राहिलो. पिवळी साडी तिला फार शोभत होती. मंगलाष्टका सुरू झाल्या.

"मामा," ती मान न वळवता पुटपुटली, "लई वास येतोय पेट्रोलचा." आणि तिनं मागं हात करून माझा हात घट्ट धरला. त्या क्षणी मला वाटलं, आपण वेळेवर पोचलो, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

पुढं टाकी धुऊन घेतली, पाइप साफ केला. सीमेपलीकडच्याच पेट्रोलवर गाडी आजही सुतासारखी चालते. तेव्हा लोक विचारतात, स्वस्त पेट्रोल गाडीला परवडतं का, तर मी छातीठोकपणे सांगतो, गाडीला परवडतं. मला परवडत नाही. कारण अप्पांनी ती सीमेवरची रीत बसवकल्याणभर सांगून ठेवली आहे. नागपंचमी असो, बारसं असो, की सहज आमच्या जावयाबरोबर चक्कर असो, निघताना त्यांचा फोन येतो, "मास्तर, निघालो बघा." मग मी उमरग्यात महाग पेट्रोलनं टाकी भरतो, सीमेपर्यंत जातो आणि शेवटचा टप्पा गाडी ढकलत नेतो. तेवढंच जरा पेट्रोल वाचतं!