दाजी आणि दोन गल्ल्या

आल्या पाहुण्याला 'कुणीकून आलात, कोणत्या वाटेनं?' असं न विचारणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, अन तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघावा! दाजी अंबडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि घरी आल्यावरही थांबत नाहीत. माझी सोयरीक ठरवायला होणारे सासरे त्यांच्याकडे आले, तर चहाच्या आधी यांनी खिडक्या लावल्या, दिवा घालवला आणि काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडनं ओढलेल्या दोन फटींतून लेझरचा लाल उजेड भिंतीवर पाडला. भिंतीवर पट्टेच पट्टे. उजेडाचा एकेक कण सोडला तरी शेवटी असेच पट्टे जमतात, जणू प्रत्येक कण दोन्ही फटींतून आलाय. पण तो कोणत्या फटीतून गेला हे कळायची सोय केली की पट्टे गायब, असं दाजी रंगात येऊन सांगत होते. सासरे अंधारात कप चाचपडत होते. वडीगोद्रीवरून आलो, एवढं ते बोलले तर 'वाट सांगू नका!' म्हणून दाजींनी त्यांनाही गप्प केलं. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

पण या खुळापायीच भाचीची बडबड फुलली होती. बसस्टँडवरून घरी यायला दोन गल्ल्या. पोरगी जालन्याहून कॉलेज करून यायची ती दोन्ही गल्ल्यांतल्या बातम्या घेऊन: कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं. उशीर का, कोणत्या गल्लीनं आलीस, हे दाजी चुकूनही विचारत नसत. नुसते ऐकत, अन हसून हसून त्यांचा चष्मा घसरे.

मग ताईनं टुमणं लावलं, पोरगी जाते कुठं, लोक काय म्हणतील. शेवटी एका संध्याकाळी दाजी तोंडाला रुमाल बांधून पानटपरीमागं उभे राहिले. पोरगी एका दारात बसून म्हातारीच्या सुईत दोरा ओवून देत होती. तिनं मान वर केली, बापाला ओळखलं. "पप्पा, चला घरी," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती वेळेवर येते, एकाच गल्लीनं, आणि काही सांगत नाही.

"जन्मभर शिकवून राह्यलो, बघू नका म्हून," दाजी मला म्हणाले, "अन मीच बघितलं. तिच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटते रे." प्रयोगात वाटेची खूण पुसली तर पट्टे परत मिळवता येतात म्हणे. घरात ती कशी पुसायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

परवा मी गेलो तेव्हा भाची नुकतीच आल्ती. "कुणीकून आलीस गं?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"खालच्या गल्लीनं," म्हणाली आणि आत गेली. दाजींनी मान वर केली नाही.